कोयनेत उतरून फ्लाय फिशिंग करायचं, तर बुटाचा तळ कोणता घ्यावा: फेल्ट, रबर की खिळ्यांचा?

तुम्ही लिहिलंय की राहायला कराडला आहात, पाटणच्या बाजूला पाण्यात उतरून फ्लाय फिशिंग (गळाला हलकी नकली माशी लावून केलेली मासेमारी) सुरू करायचंय, आणि व्हिडिओंमध्ये एक जण फेल्टच्या, म्हणजे दाबलेल्या तंतूंच्या जाड कापडाच्या, तळाची शिफारस करतो तर दुसरा त्यावर बंदी आहे म्हणतो. माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. मऊ रबराचा, खोल खाचांचा तळ घ्या, आणि त्यात खिळे बसवता-काढता येतील असाच घ्या. आपल्या नद्यांसाठी फेल्ट नको.

फेल्ट वाईट असतं म्हणून हे सांगत नाही. शेवाळलेल्या गोल गोट्यांवर, पाण्याखाली, साधं रबर त्याच्या जवळपासही येत नाही. दगडावर जो बुळबुळीत थर असतो, त्यातून फेल्टचे तंतू खालच्या दगडापर्यंत पोचतात आणि मधलं पाणी तंतूंच्या फटींत शिरतं. रबर मात्र त्या थरावरच राहतं आणि थरासकट सरकतं. त्यामुळे व्हिडिओत फेल्टची स्तुती करणारा माणूस त्याच्या नदीपुरता खरं बोलतोय.

पण तुम्ही पाण्यापर्यंत पोचता कसे, ते बघा. उसाच्या फडाकडेच्या बांधावरून, ओल्या गवतातून, मग दरड उतरून चिकट काळ्या मातीत. फेल्टचा तळ सपाट असतो. त्यात एकदा ही माती भरली की दरडीवर पाय रोवायला काहीच उरत नाही. कोयनाकाठी घसरण्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती याच दहा-पंधरा फुटांत, कारण तिथून माणूस सरळ खोल पाण्यात जातो. पाण्यात पाय जपूनच पडतो, काठावर आपण गाफील असतो. खोल खाचांचं रबर ही दरड नीट उतरवतं. शेवाळावर त्याची जी उणीव आहे, ती खिळे बऱ्याच अंशी भरून काढतात.

बंदीबद्दल. ती खरी आहे, पण तिकडची. डिडिमो नावाचं एक सूक्ष्म शैवाल न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या नदीत 2004 मध्ये सापडलं. ते नदीच्या तळावर जाड गोधडीसारखं पसरतं. फेल्ट पाणी धरून ठेवतं आणि वाळायला फार वेळ घेतं, त्यामुळे असा जीव एका नदीतून दुसरीत नेण्याचा धोका त्यात जास्त. न्यूझीलंडने 2008 मध्ये फेल्टच्या तळांवर बंदी घातली. अमेरिकेत मेरीलँडने 2011 मध्ये, अलास्काने 2012 मध्ये आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने 2018 मध्ये तेच केलं. तिथले नियम कराडला लागू नाहीत, पण त्यामागचं कारण आपल्यालाही लागू आहे. कृष्णेत जलपर्णी किती माजते ते तुम्ही बघताच. कृष्णेत वापरलेले बूट चिखलासकट पुढच्या रविवारी तारळी नदीत बुडवू नका. रबराच्या बुटालाही शिवणीत आणि नाड्यांत गाळ अडकतो. घरी ब्रशने घासा, धुवा, पूर्ण वाळू द्या. मात्र बंद गाडीत उन्हात ठेवू नका. तळ चिकटवलेला असतो आणि उष्णतेने तो सुटायला लागतो.

आता खिळे. टोकाला टंगस्टन कार्बाइड असलेले छोटे स्क्रू घ्या, साधं पोलाद लवकर बोथट होतं. ते तळाच्या कडेने बसवा: टाचेच्या बाहेरच्या बाजूला, चवड्याच्या दोन्ही कडांना, अंगठ्याखाली. मधला भाग रिकामा ठेवा. जास्त खिळे म्हणजे जास्त पकड असं होत नाही. वजन जितक्या खिळ्यांवर वाटलं जातं तितका प्रत्येक खिळा कमी रुततो, आणि रबर दगडाला टेकायचंच थांबतं. आपला दगड बेसाल्ट, कठीण आणि घट्ट विणीचा. शेवाळाखाली खिळा चांगला धरतो, पण कोरड्या उघड्या कातळावर तो खरडत जातो, तिथे रबरच हवं. काही बुटांना खिळ्यांऐवजी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. मऊ धातू असल्याने त्या दगडावर छान धरतात, पण वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. कोर्कर्स कंपनीच्या बुटांसारख्या काही बुटांना तर आख्खा तळच बदलता येतो. बजेट असेल तर तो उत्तम पर्याय. खिळ्यांचे बूट घालून संगम माहुलीच्या किंवा वाईच्या घाटांवर मात्र उतरू नका. घडीव दगडांवर ओरखडे उठतील, आणि तुम्ही घसराल ते वेगळंच.

मापाकडे लोक लक्ष देत नाहीत. हे बूट वेडरच्या, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीच्या, जाड पायमोज्यावर घालायचे म्हणून ऐसपैस केलेले असतात. आपल्या उबदार पाण्यात वेडरची गरज नाही, हाफ पँटवर उतरता येतं. मग तोच बूट पातळ मोज्यावर सैल होतो, आणि सैल बुटात पाय आतल्या आत फिरला की तळ कितीही चांगला असो, तोल जातो. दोन-तीन मिलिमीटर जाडीचे निओप्रीनचे (फोमसारख्या रबराचे) मोजे आधी घ्या आणि ते घालूनच बूट पारखा.

सुरुवातीला एवढा खर्च नको असेल, तर सह्याद्रीत भटकणारे अॅक्शन कंपनीचे जे ट्रेकिंगचे बूट वापरतात, तेही चालतील. ओल्या स्वच्छ कातळावर त्यांची पकड चांगली असते. शेवाळावर ती सुटते, म्हणून अशा बुटांत गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका आणि हातात काठी ठेवा.

शेवटी तळापेक्षा महत्त्वाचं. कोयना धरणाच्या पायथा वीजगृहाची दोन्ही युनिटं सुरू झाली की नदीत सुमारे 2100 क्युसेक पाणी येतं. खाली सांगलीकडे शेतीला पाणी लागलं की हे भर उन्हाळ्यात, निरभ्र आकाशाखालीही होतं. विसर्गाच्या बातम्या आदल्या दिवशी बघा. उतरण्याआधी काठावरचा एक अर्धा बुडालेला दगड हेरून ठेवा. तो दिसेनासा व्हायला लागला की मासा गळाला असला तरी बाहेर या. महाशीर पुन्हा भेटेल. कोयना अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकायचा नाही, आणि इतरत्र त्या पाण्याचा ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेला आधी विचारा. कृष्णेत खाली भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. तिथे कोणताही बूट घालून पाण्यात उतरू नका, काठापासूनही लांब उभे राहा.