सर्टिफिकेटची तारीख बाहेरून बघ

अरे, वेबसाइटच्या सुरक्षा (HTTPS) सर्टिफिकेटला ऑटो-रिन्यू लावलंय म्हणून निर्धास्त राहू नकोस. पंचवटीतल्या एका लॉजची बुकिंग साइट मी सांभाळायचो. सर्टबॉट या आपोआप रिन्यू करणाऱ्या प्रोग्रामनं नवं सर्टिफिकेट वेळेवर आणलं, पण एनजिनएक्स हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर रीलोडच झालं नाही. सर्व्हर आपला जुनंच दाखवत बसला, आणि त्याची मुदत संपली. ऐन श्रावणी सोमवारी पहाटे पाचला मालकांचा फोन!

म्हणून डिस्कवरच्या फाइलवर विसंबू नकोस. ओपनएसएसएल या टूलनं बाहेरून ४४३ पोर्टला (HTTPS चा पोर्ट) जोडून संपण्याची तारीख वाच. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) रोज एकदा पुरे. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं ९० दिवसांचं सर्टिफिकेट साधारण ३० दिवस उरले की रिन्यू होतं. २० उरले तरी जुनंच दिसतंय? कुठंतरी घोडं अडलंय. लेट्स एन्क्रिप्टचे मुदतीची आठवण करून देणारे ईमेल जून २०२५ पासून बंद आहेत. आणि हो, मेल सर्व्हरचं सर्टिफिकेटही तपास, ते हमखास राहतं.