तोफा जोडण्याच्या खेळात करिअर आहे का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न विभागात, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी नमुने बनवणाऱ्या विभागात काम करतात. मुलगा मराठी शाळेतून एसएसएलसी, म्हणजे दहावी झाला आणि आता बेळगावात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, पीसीएमसी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, कॉम्प्युटर सायन्स) घेऊन शिकतोय. ते लिहितात:

‘घरी आला की मोबाईल. दोन सारख्या बंदुका एकमेकींवर ओढायच्या, त्यांची मोठी बंदूक करायची, तोफ करायची आणि समोरून येणाऱ्या शत्रूंना मारायचं, हाच खेळ. “काय करूलास रे?” म्हणून विचारलं तर म्हणतो, मी असले गेम बनवणार. आता सायन्स सोडून पुण्यात गेम डिझाइनचा एक वर्षाचा कोर्स करायचा म्हणतोय, फी अडीच लाख. वर गेमिंग लॅपटॉप पाहिजे. सहामाहीला गणितात 100 पैकी 41 आलेत. हे वेड आहे की पोटापाण्याचा मार्ग, तेवढं सांगा.’

नमस्कार. तुमच्या पत्रातला गणिताचा आकडा आणि तो बंदुका जोडण्याचा खेळ, या दोन्ही एकच गोष्ट आहेत. मुलाला हे अजून कुणी दाखवलेलं नाही. आधी तेच सांगतो, कोर्सचं नंतर बघू.

या खेळाचा नियम साधा असतो. पहिल्या पातळीच्या दोन बंदुका जोडल्या की दुसऱ्या पातळीची एक, दुसरीच्या दोन जोडल्या की तिसरीची एक. मुलाला आज रात्री जेवताना विचारा, दहाव्या पातळीची एक तोफ करायला पहिल्या पातळीच्या किती बंदुका लागतील? उत्तर 512. अकराव्या पातळीला 1024. हे सगळं त्याच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातल्या सिक्वेन्सेस अँड सिरीजच्या धड्यात आहे, जॉमेट्रिक प्रोग्रेशन या नावाने. बोटाने तो ते रोज करतोय, वहीत त्याला ते ओळखू येत नाही.

पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा, कारण खेळणारा आणि खेळ बनवणारा इथेच वेगळे होतात. पहिल्या बंदुकीची मारक शक्ती 10 धरली तर दोघींची मिळून 20. जोडून झालेल्या बंदुकीची किती ठेवायची? 20 ठेवली तर ताकद तेवढीच राहते, फक्त मैदानातली एक जागा मोकळी होते. 25 ठेवली तर कुणीही डोळे झाकून जोडत सुटेल. 18 ठेवली तर खेळणारा थबकतो, जागा वाचवू की ताकद? हे थबकणं म्हणजेच खेळ. मग बंदुकीची किंमत. पहिली 100 नाण्यांना आणि प्रत्येक खरेदीला 10 टक्के वाढ, असं ठेवलं तर 25 वेळा वाढ झाल्यावर तीच बंदूक साधारण 1083 नाण्यांना पडते. शत्रू तुकड्यातुकड्यांनी येतात, एका तुकडीला लाट म्हणतात. शत्रूची ताकद दर लाटेला 15 टक्क्यांनी वाढवली तर पाच लाटांत ती दुप्पट होते. या तीन आकड्यांचा मेळ बसवायला माणसं आठवडेच्या आठवडे स्प्रेडशीटसमोर बसतात. त्याला बॅलन्सिंग म्हणतात.

तुम्हाला हे परकं वाटायला नको. बिडाचं कास्टिंग थंड होताना मीटरला साधारण 10 मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो, हे तुम्ही रोज हाताळता. समोर जे दिसतं त्याच्या आधीचं माप ओळखायचं, हेच तुमचं काम. मुलाला जे शिकायचं आहे ते याच जातीचं आहे, आणि त्याबद्दल त्याच्याशी बोलायला तुमच्याइतका योग्य माणूस घरात दुसरा नाही. मोबाईल ओढून घेण्याऐवजी एकदा त्याला तुमच्या पॅटर्नशॉपमध्ये घेऊन जा.

आता कोर्स. माझं मत स्पष्ट आहे, अडीच लाख भरू नका आणि सायन्स सोडू देऊ नका. सतरा वर्षांच्या मुलाने पीयूसी अर्धवट टाकून घेतलेलं एका वर्षाचं प्रमाणपत्र नोकरीच्या दारात फार काही करत नाही. या क्षेत्रात माणूस निवडताना त्याने काय बनवलं ते चालवून बघतात. पीसीएमसी त्याच्याकडे आहेच, त्याहून चांगला पाया मला सुचत नाही. पुढे इंजिनीअरिंगला जायचं असेल तर केसीईटी आणि कॉमेडके या कर्नाटकातल्या प्रवेश परीक्षा आहेत, बेळगावातच चांगली कॉलेजं आहेत. शिवाय तुमचं गाव महाराष्ट्राने दावा केलेल्या 865 गावांच्या यादीत असेल, तर मराठी मातृभाषेच्या सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात वेगळी तरतूद आहे. त्यासाठीची कागदपत्रं आत्तापासून जमवायला लागा आणि दुसऱ्या वर्षाला एमएचटी-सीईटी या महाराष्ट्राच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायला विसरू नका. आपल्याकडची कितीतरी मुलं ही वाट माहीत नसल्यामुळे चुकतात, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. इंजिनीअरिंग परवडणारं नसेल तर बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सही चालतं. त्याचा ओढा चित्रांकडे, रचनेकडे असेल तर आयआयटी मुंबई घेत असलेल्या यूसीड परीक्षेतून बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला जाता येतं. पण पत्रावरून मला तो आकड्यांकडे झुकलेला वाटतो.

गेमिंग लॅपटॉप नको. गोडो नावाचं गेम इंजिन, म्हणजे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर, पूर्ण मोफत आहे आणि सपाट चित्रांचा छोटा खेळ साध्या, जुन्या लॅपटॉपवरही त्यात बनतो. युनिटीही सुरुवातीला मोफत वापरता येतं, त्यात सी शार्प ही भाषा लागते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पीयूसीचं इंग्रजी पहिल्या वर्षी जड जातं, त्याच्या 41 मागे तेही असेल. कोडिंगमधलं इंग्रजी मात्र मोजक्या शब्दांचं असतं, त्याची भीती त्याने बाळगू नये. कन्नडही नीट शिकू दे. पुढे काम बंगळुरात मिळालं तर तिथे राहायचं आहे, आणि मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येणारा मुलगा खेळातला मजकूर तीन भाषांत तपासू शकतो.

वेडाबद्दल विचारलंत. झोप उडाली, जेवण टळलं, कॉलेज बुडालं, खोटं बोलणं सुरू झालं आणि हे महिनोन् महिने चाललं, तर समुपदेशकाकडे न्या. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतलेला आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्या पत्रात मला ती लक्षणं दिसली नाहीत. पण एका गोष्टीवर नजर ठेवा. हे खेळ फुकट असतात, कारण ते जाहिरातींवर चालतात. ‘तीस सेकंद जाहिरात बघ, बंदूक फुकट घे’, अशी त्यांची कमाई होते. त्या जाहिरातींतून पैसे लावायच्या ॲपकडे पाऊल वळू शकतं. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे. बंदुका जोडण्याचा खेळ त्यात येत नाही, पण हा फरक मुलाला माहीत असायला हवा. यूपीआयचा पिन त्याला देऊ नका.

मग करायचं काय? मुलाला सांगा, आधी कागदावर खेळ बनव. पुठ्ठ्याची कार्डं कापायची, पाच बाय तीनची पंधरा घरं आखायची, आकडे स्वतः ठरवायचे. बंदुकाच कशाला हव्यात? बेळगावात दर दिवाळीला गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात, त्यानेही केले असतीलच. बुरूज, तोफा, मावळे घेऊन खेळ करू दे. कागदावर जमला की स्प्रेडशीटमध्ये, मग परीक्षेनंतरच्या उन्हाळी सुट्टीत गोडोमध्ये. गुगल प्लेवर टाकायचा तर खातं उघडायला एकदाच 25 डॉलर लागतात आणि वय 18 पूर्ण लागतं. नव्या वैयक्तिक खात्याला आधी निदान 12 जणांकडून सलग 14 दिवस खेळ तपासून घ्यावा लागतो. बारा जण त्याला वर्गातच मिळतील. सुट्टीअखेर हातात काहीच नसेल, तर त्याला खेळायला आवडतं, बनवायला नाही, हे त्याचं त्यालाच कळेल आणि तुमचे अडीच लाख शाबूत असतील.

येत्या रविवारी पहिला डाव तुम्हीच त्याच्याशी खेळा. कितव्या लाटेला तुमचा किल्ला पडला आणि त्यानंतर त्याने कुठला आकडा बदलला, हे मला त्याच्याच अक्षरात लिहून पाठवा.