कुत्रा जुन्या भरलेल्या जखमेला सारखा चावतो, कसं थांबवायचं?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षापूर्वीची पायाची जखम पूर्ण भरली तरी कुत्रा रोज तिथंच चावून राहिला, अन् रागावलं की दुसऱ्या खोलीत जाऊन चावतो. आमच्या शेरूनं अगदी हेच केलं होतं म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले तर रागावणं बंद करा. तो हट्टानं नाही करत, तिथं काहीतरी होत असतं त्याला.

शेरू गावठी आहे, आता नऊ वर्षांचा. लहानपणी बाइकचा धक्का लागून पुढच्या पायाला मनगटापाशी टाके पडले होते, जखम भरली, केस आले, आम्ही विसरूनही गेलो. मग दोन वर्षांआधी एप्रिलात त्यानं तिथं चाटणं सुरू केलं, नंतर पुढच्या दातांनी कुरतडणं, कणीस खाताना दात वाजतात ना तसा बारीक आवाज, कूलर सुरू असतानाही रात्री ऐकू यायचा. लाळेनं तिथले केस आधी चहाच्या रंगाचे झाले, मग गेलेच, अन् खालची कातडी जाड, कडक झाली. जवळच्या एका क्लिनिकमधून मलम आणलं, ते त्यानं पाच मिनिटांत चाटून टाकलं. मी डेटॉल लावलं, ती माझी मोठी चूक, आग होऊन तो अजूनच चावायला लागला.

शेवटी नागपूरला सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. तिथं वणापेक्षा जास्त वेळ त्यांनी सांधा वाकवून पाहिला, एक्स-रे काढला, तर सांध्यात आर्थरायटिस निघाला. म्हणजे दुखत होतं आतून अन् तो चाटत होता वरून. शिवाय सारखं चाटून कातडीत खोलवर इन्फेक्शन झालं होतं, त्याची खाज वेगळीच. चाटलं की खाज, खाजलं की पुन्हा चाटणं, असं चक्र होतं ते. अँटिबायोटिक सहा आठवडे चाललं, वरून बरं दिसलं तरी मधे सोडायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तुमच्याकडे कारण दुसरं असू शकते: ॲलर्जी, गोचीड, पिसवा, आत राहिलेला टाका किंवा बाभळीचा काटा. म्हणून आधी तपासणी करा, अन् तिथं गाठ लागत असेल, पू किंवा वास येत असेल तर उद्यावर ढकलू नका.

तोवर घरी काय करायचं तर गळ्यात कोन, म्हणजे तोंडाभोवती येणारी शंकूसारखी कॉलर, घाला. कोन नाकाच्या टोकाच्या पुढे यायला पाहिजे, आखूड असला तर कुत्रा बरोबर वणापर्यंत पोचतो. पहिले दोन दिवस शेरू दारांना धडकत होता, केविलवाणा पाहायचा, आईला दया येऊन तिनं काढला अन् एका रात्रीत आठवड्याची मेहनत गेली. केस परत येईपर्यंत काढू नका, जेवताना तुम्ही समोर बसले असाल तेवढाच काढा. पट्टी बांधलीच तर सैल बांधा, बोटं सुजली का ते दिवसातून दोनदा पाहा अन् ओली झाली की लगेच बदला, कूलरसमोर लोळणारा कुत्रा असेल तर हे फार होते. माणसाची खाजेची ट्यूब नको, तो चाटणारच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ह्या माणसाच्या दुखण्यावरच्या गोळ्या तर अजिबात देऊ नका, पोटात अल्सर होतो, किडनी जाते.

अजून एक गोष्ट मला उशिरा समजली. मी आठ दिवस वहीत लिहून ठेवलं की तो केव्हा चावतो, तर दुपारी अन् रात्री अकरानंतर, म्हणजे काहीच काम नसताना. मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर जाते, डांबर तापते, म्हणून आम्ही फिरवणं जवळपास बंद केलं होतं. मग पहाटे पाचला न्यायला लागलो, सांधा दुखतो म्हणून हळूहळू, अन् दुपारी वाटीत गोठवलेलं बिनसाखरेचं दही द्यायचो, अर्धा तास चाटत बसायचा. चावायला लागला की "नाही" म्हणून ओरडायचं नाही, नुसतं नाव घेऊन बोलवायचं, आला की गाजराचा तुकडा.

केस यायला तीन महिने लागले. आठ आण्याच्या नाण्याएवढा टक्कल पडलेला भाग अजून आहे, अन् थंडीत सांधा धरला की तो पुन्हा तिकडं वळतो, तेव्हा आम्ही आधी डॉक्टरांना दाखवतो. तुमच्या कुत्र्याचा वण सांध्याजवळ आहे का, अन् उठताना तो पाय झटकतो का, तेवढं पाहून सांगा.