बी.एड. झालं, नोकरी नाही. स्वतःचं काही सुरू करू का?

पत्राचा गोषवारा: बार्शी तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. बी.एस्सी. (गणित), बी.एड. झालं, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास आहे. पण अभियोग्यता चाचणीत (शिक्षक भरतीच्या परीक्षेत) गुण कमी पडले आणि पवित्र पोर्टलच्या, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरच्या, यादीत नाव लागलं नाही. एक खासगी शाळा महिना ९,००० रुपये देते आहे. वडिलांच्या निवृत्तीचे ४ लाख घरात आहेत. मेन रोडला गाळा घेऊन पाचवी ते दहावी सर्व विषयांची अकॅडमी काढावी, की प्ले-स्कूलची फ्रँचायझी घ्यावी, असं त्या विचारतात.

ताई, गाळा घेऊ नका आणि फ्रँचायझीही घेऊ नका. वडिलांचे चार लाख मुदत ठेवीतच राहू द्या. बी.एड.च्या दोन वर्षांत तुम्ही नैदानिक चाचणी (मूल कुठे अडलंय ते शोधणं) आणि उपचारात्मक अध्यापन (तेवढंच पक्कं करून घेणं) शिकलात. फाइल जमा केली की बहुतेक जण ते विसरतात, पण तुमचं भांडवल तेच आहे. सगळे विषय घेणारे क्लास तालुक्यात गल्लोगल्ली असतात. मूल नेमकं कुठे अडलंय ते शोधून तेवढंच पक्कं करून देणारा क्लास मात्र क्वचित सापडतो.

तुमचा विषय गणित, म्हणून पाचवी ते सातवीचं गणितच धरा. ३०२ वजा १५८ हे एकच उदाहरण घ्या. उत्तर १४४. एखादं मूल २५६ लिहितं. त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला, म्हणजे दशक सुटा करणं त्याला कळलेलंच नाही. दुसरं १५४ लिहितं. त्याला दशक सुटा करता येतो, पण मधल्या शून्यापाशी ते चुकतं. दोघांनाही शाळेत सारखाच शून्य गुण मिळतो. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सोडायला लावून आठवडाभर बसवावं लागेल. दुसऱ्याला शून्याची दहा-बारा उदाहरणं बहुधा पुरतील. अपूर्णांकातही तसंच: १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्याला लसावि शिकवण्याआधी अर्धी आणि एक तृतीयांश भाकरी कागदावर काढायला लावा.

अशा २० प्रश्नांची चाचणी तयार करा: स्थानिक किंमत, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, अपूर्णांक, दशांश. प्रत्येक प्रश्नापुढे ‘कोणतं चुकीचं उत्तर कशामुळे येतं’ हे लिहून ठेवा. प्रश्न कोणत्या पायरीपासून सुरू करावेत हे ठरवायला ‘असर’ या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेक्षणाची साधनं पाहा. त्यांच्या गणिताच्या पायऱ्या साध्या आहेत: १ ते ९ अंक ओळखणं, दोन अंकी संख्या ओळखणं, दोन अंकी वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. सातवीतलं मूल तिसऱ्या पायरीवर अडलेलं दिसलं तर दचकू नका आणि पालकांसमोर त्याला लाजवू नका.

दिवाळीच्या सुट्टीत ओळखीतली आठ मुलं घेऊन घरीच पंधरा दिवसांचा वर्ग घ्या. फी थोडी ठेवा, पण ठेवाच. फुकट वर्गाला सगळे ‘छान’ म्हणतात, त्यावरून काहीच कळत नाही. शेवटी त्याच धर्तीची दुसरी चाचणी घ्या आणि पालकांच्या हातात मुलाचे दोन्ही पेपर शेजारी शेजारी द्या. टक्केवारी सांगू नका, पेपर दाखवा. आठपैकी पाच पालकांनी ‘पुढे कधी सुरू करताय?’ असं आपणहून विचारलं, तर जूनची तयारी करा. नाही विचारलं तर कारण शोधा. गाळा भाड्याने घेऊन ते कारण जाणार नाही.

आता हिशेब. समजा, आठ-आठच्या तीन बॅचमध्ये २४ मुलं आणि फी महिना ९०० रुपये. एप्रिल-मे जवळपास रिकामे जातात, म्हणून वर्षाचे दहाच महिने धरा: २,१६,००० रुपये. दहा टक्के फी बुडते किंवा लांबते, हातात १,९४,४००. गाळ्याचं भाडं ५,००० असेल तर बारा महिन्यांचे ६०,०००, वीज-इंटरनेट १४,४००, झेरॉक्स व साहित्य १५,०००. उरले १,०५,०००, म्हणजे महिना ८,७५०. शाळा देते त्याहूनही कमी! डिपॉझिट आणि बाकडी तर यात धरलीच नाहीत. हाच वर्ग घरच्या खोलीत घेतला तर महिना १३,७५० उरतात. म्हणून पहिलं वर्ष घर, किंवा संध्याकाळी रिकामी असलेली एखाद्या मंडळाची खोली. फळा, सतरंज्या, झेरॉक्स यांसाठी पैसे कमी पडलेच तर केंद्राच्या मुद्रा कर्ज योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज मिळतं.

अडचणी कुठे येतात तेही सांगते. पालक दुसऱ्याच महिन्यात म्हणतील, ‘मॅडम, शाळेचा गृहपाठही करून घ्या.’ एकदा हो म्हटलंत की तुमचा क्लास इतरांसारखाच झाला. दुसरी चूक इयत्तेनुसार बॅच करण्याची; बॅच अडचणीनुसार करा, पाचवीचं आणि सातवीचं मूल एकत्र बसलं तरी चालेल. फी महिन्याच्या पाच तारखेपर्यंत आगाऊ घ्या आणि मध्येच सोडल्यास किती परत मिळेल ते प्रवेशाच्या कागदावर लिहा.

कायद्याचं थोडक्यात. उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) आधार-पॅनवर मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. जागा घेतलीत आणि कामाला मोजकीच माणसं असली तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना पुरते. शिकवणीवर जीएसटी लागतो, पण वार्षिक २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पाटीवर ‘शाळा’ लिहू नका. मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास शिक्षण हक्क कायद्यात एक लाखापर्यंत दंड आहे. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये दिलेल्या कोचिंगच्या मार्गदर्शक सूचना ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत आणि त्यात १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असं म्हटलंय. म्हणून एका केंद्रात ४० वर थांबा.

शाळेची नोकरी आणि क्लास दोन्ही एकदम करता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणीला मनाई आहे. घराला ते ९,००० आत्ताच हवे असतील तर नोकरी धरा, चाचणी आणि साहित्य फावल्या वेळात तयार करा आणि क्लास नोकरी सोडल्यावरच सुरू करा. क्लास निवडलात तर सकाळ मोकळी राहते. ती अभियोग्यता चाचणीच्या अभ्यासाला द्या. परीक्षा २०० गुणांची आणि १२० मिनिटांची असते, सराव सुटता कामा नये.

वर्षभरानंतर दुसरी बी.एड. झालेली मुलगी सोबत घ्या. तिला तुमची पाठ टाचणं (पाठांचे लेखी आराखडे) आणि चाचण्या द्या, एक बॅच पूर्ण तिच्यावर सोपवा, मानधन बॅचवर ठरवा. तिच्या बॅचचे आधीचे-नंतरचे पेपर तुमच्या बॅचसारखेच आले, तर दुसऱ्या गावातल्या केंद्राचा आणि खासगी शाळांना उपचारात्मक वर्ग चालवून देण्याचा विचार करा. तसे नाही आले तर आधी टाचणं दुरुस्त करा.