नीसचा किनारा गोट्यांचा आहे
(वाचकांचे प्रश्न : प्रवास)

प्रश्न : येत्या सप्टेंबरमध्ये मी आणि माझी ६८ वर्षांची आई चार दिवसांसाठी फ्रान्समधील नीस शहरात जाणार आहोत. आईला वाळूवर बसून पाण्यात पाय सोडायचे आहेत, तर मला मातिस आणि शागाल यांची चित्रे पाहायची आहेत. दोघीही शाकाहारी आहोत. दोन्ही गोष्टी कशा जमवाव्यात आणि मोटार भाड्याने घ्यावी का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या आईंना एक गोष्ट निघण्यापूर्वीच सांगून ठेवावी, ती म्हणजे नीस शहराच्या किनाऱ्यावर वाळू नाही. तिथे करड्या रंगाचे, गुळगुळीत गोटे पसरलेले आहेत, ते अनवाणी पायांना टोचतात आणि पाणीही काही पावलांतच खोल होते. रबरी तळव्यांचे पाण्यातले बूट असल्याशिवाय आईंना तिथे उतरवू नये. वाळूच हवी असेल तर आगगाडीने दहा मिनिटांच्या आत व्हिलफ्रांश-सुर-मेर गाठावे, कारण तिथे स्थानकाच्या खालीच जाडसर वाळूचा शांत किनारा आहे.

गोट्यांच्या या किनाऱ्यावर बसण्यापेक्षा त्याच्या कडेने चालण्यात खरी मौज आहे. नीसला येणारे जुने पाहुणे मुळी पोहायला येतच नसत. आपल्या देशातील थंडी चुकवण्यासाठी ते हिवाळ्यात येत, आणि १८२० च्या दशकात त्यांच्यातीलच इंग्रजांनी पैसे उभे करून समुद्राकाठी जी पायवाट बांधवली, तीच आजची ‘प्रोमेनाद देझांग्ले’, म्हणजे इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता. २०२१ मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारसा यादीत घेतले, तेही हिवाळी विश्रामाचे शहर म्हणूनच.

मातिसही १९१७ च्या अखेरीस असाच हिवाळ्यात आला होता. पावसाने सतत झोडपल्यामुळे तो परत निघण्याच्या बेतात होता, पण आभाळ निवळले, प्रकाश दिसला आणि त्याने मुक्काम वाढवला. १९५४ मध्ये त्याचे निधन याच शहरात झाले. म्हणून माझा आग्रह असा की सकाळी आधी समुद्राकाठचा प्रकाश पाहावा आणि मगच सिमिए टेकडीवर बसने जावे. तिथे ऑलिव्हच्या बागेत, रोमन अवशेषांना लागून असलेल्या १७ व्या शतकातील तांबड्या वाड्यात मातिसचे संग्रहालय आहे. शागालचे संग्रहालय टेकडीच्या उतारावर, शहराच्या बाजूला असल्यामुळे ते परतताना पाहावे. १९७३ मध्ये ते उघडले तेव्हा शागाल हयात होता आणि त्याच्या उभारणीत त्याने स्वतः लक्ष घातले होते. बायबलवरील १७ मोठी चित्रे हा तिथला गाभा असला, तरी सभागृहातील त्याच्या निळ्या काचचित्रांसमोर आईंसह दहा मिनिटे नुसते बसावे. ही दोन्ही संग्रहालये मंगळवारी बंद असतात.

मोटार घेऊ नये. विमानतळावरून शहरात येण्यासाठी ट्राम आहे आणि जुन्या नीसच्या अरुंद गल्ल्यांत मोटारीचा उपयोगच नाही. किल्ल्याच्या टेकडीवर चढण्यासाठी लिफ्ट आहे, त्यामुळे आईंना पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. वर किल्ला मात्र शोधू नये, तो फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने १७०६ मध्ये पाडून टाकला.

खाण्याची अडचण वाटते तेवढी नाही. जुन्या गावात मिळणारा ‘सोक्का’ म्हणजे हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावर भट्टीत भाजलेला पातळ पोळा असतो. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा हा चुलतभाऊ मिरपूड भुरभुरवून गरमच खावा. मात्र ‘सॅलड निस्वाज’ किंवा ‘पिसालादियेर’ (कांदा पसरून भाजलेली जाड रोटी) या नावांना भुलू नये, कारण दोन्हींत बहुधा खारवलेले मासे असतात. जुन्या गावातील कूर सालेया या चौकातल्या फुलांच्या बाजारासाठीही वार पाहूनच जावे : सोमवारी तिथे फुलांऐवजी जुन्यापुराण्या वस्तूंची दुकाने लागतात.