हल्लीच्या रोमँटिक कॉमेडी बघण्यासारख्या आहेत का? घरच्यांसोबत कोणत्या चालतील?

तुम्ही विचारलंय की सोलापुरात राहतो, महिन्यातून एखादाच सिनेमा होतो, सोबत बायको आणि कधी आई-बाबा असतात, तर हल्लीच्या रोमँटिक कॉमेडीवर पैसे घालावेत का आणि कोणत्या.

घालावेत, पण निवडून. निवडताना मी एकच गोष्ट बघतो. नायक-नायिकेच्या मध्ये जे आडवं आलंय ते एका फोनने मिटेल का? मिटत असेल तर सिनेमा मध्यंतरानंतर बसणार हे नक्की. लेखकाकडे पुढचा सव्वा तास भरायला गैरसमजाशिवाय काही उरत नाही. मग कुणीतरी अर्धवट बोलणं ऐकतं, कुणीतरी विमानतळावर धावतं आणि विनोद कुठल्या कुठे जातो. ट्रेलरवरूनही थोडा अंदाज येतो. हशाची सगळी वाक्यं नायकाच्या मित्राच्या तोंडी आणि नायक-नायिका फक्त नाचताना, असं असेल तर थांबा, ओटीटीवर येऊ द्या. हिंदी सिनेमा साधारण आठ आठवड्यांत तिथे येतो, दक्षिणेतला बऱ्याचदा चार आठवड्यांतच.

उदाहरण म्हणून 'जरा हटके जरा बचके' (२०२३) घ्या. लक्ष्मण उतेकर यांचा, इंदूरमधला. नवराबायको एकत्र कुटुंबात राहतात, त्यांची खोली मामा-मामींनी व्यापलेली, म्हणून यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत. रात्री कुणीही उठून पाणी प्यायला येतं. सरकारी योजनेतलं घर मिळावं म्हणून ही दोघं कागदोपत्री घटस्फोट घेतात. हा अडसर एका फोनने मिटत नाही, कारण तो चौरस फुटांचा आहे. दोन खोल्यांत सात माणसं राहिलेल्या कुणालाही आपल्याकडे तो समजावून सांगावा लागणार नाही. पहिला भाग म्हणूनच मस्त चालतो. दुसऱ्या भागात मात्र खोटा घटस्फोट खऱ्या भांडणात बदलतो आणि रडारड वाढते. तरी आई-बाबांसोबत बघायला हरकत नाही.

'रॉकी और रानी की प्रेम कहानी' (२०२३) मला त्याहून जास्त आवडतो. दिल्लीतलं श्रीमंत, मोठ्या आवाजात बोलणारं पंजाबी घर आणि शिकलेलं बंगाली घर. दोघं ठरवतात, तीन महिने एकमेकांच्या घरी राहायचं. इथे अडसर म्हणजे घरातली माणसंच, आणि ती एका दिवसात बदलत नाहीत. त्यातला एक प्रसंग नीट बघा. रानीचे वडील कथक नर्तक आहेत, पुरुषाने नाचावं याची रॉकीच्या घरी टिंगल होते. पुढे दुर्गापूजेत रॉकी स्वतः त्यांच्या शेजारी उभा राहून नाचतो. आधी त्याच नाचाला हसलेलं थिएटर इथे गप्प होतं. विनोदाची वस्तू तीच ठेवून तिचा अर्थ पालटायचा, हे लिहिणाऱ्याचं कसब. अडचण लांबीची. दोन तास अठ्ठेचाळीस मिनिटं, त्यात जाहिराती आणि मध्यंतर धरले की सव्वातीन तास. आईला इतका वेळ बसवत नसेल तर घरीच दोन रात्रींत बघा. अंतर्वस्त्रांच्या दुकानातला एक प्रसंग आहे, अश्लील अजिबात नाही, पण वडील शेजारी असतील तर माहीत असलेलं बरं.

'लव्हयापा' (२०२५) बघायचा विचार असेल तर त्याऐवजी मूळ तमिळ 'लव्ह टुडे' (२०२२) बघा. कल्पना एकच. मुलगा मुलीचा हात मागायला जातो, वडील म्हणतात, एक दिवस एकमेकांचे फोन अदलाबदल करा, मग बोलू. ही कल्पना झकास आहे, कारण अडसर दोघांच्या खिशात आधीपासून पडलेला असतो. मूळ सिनेमात प्रदीप रंगनाथन यांनी दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका दोन्ही केलंय, आणि घाबरलेल्या पोराचा घाम खरा वाटतो. हिंदीत घटना त्याच आहेत, घाम नाही. दोन्हींत चॅटमधले काही उल्लेख असे आहेत की हा सिनेमा जोडप्याने बघावा, आई-बाबांना सोबत घेऊ नये.

भाषेबद्दल इथे मुद्दाम लिहितो, कारण सोलापुरात हा प्रश्न खरोखर येतो. पूर्व भागात कित्येक घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. दक्षिणेतली रोमँटिक कॉमेडी सवयीने हिंदी डबमध्ये लावली की अर्धी मजा जाते. मारामारीचा सिनेमा डबिंगमध्ये टिकतो. विनोद टिकत नाही, कारण तो शब्दावर कमी आणि बोलताना कुठे थांबलं यावर जास्त चालतो, आणि डबिंगवाल्याला ओठ जुळवायच्या नादात नेमकी तीच जागा भरावी लागते. घरात तेलुगू असेल तर मल्याळम 'प्रेमलू' (२०२४) तेलुगूतच बघा. तोही डबच, पण गोष्ट घडतेच हैदराबादेत, म्हणून तेलुगू तिथे उपरी वाटत नाही. परदेशी जायचा व्हिसा नाकारलेला एक पोरगा तिथे येऊन पडतो आणि आयटीतल्या मुलीच्या प्रेमात पडतो. खलनायक म्हणजे तिच्या ऑफिसातला शिष्ट सहकारी, जो प्रत्येक टोमण्यानंतर 'जस्ट किडिंग' म्हणतो. असा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो, म्हणून त्याच्या तोंडून ते दोन शब्द आले की लोक हसायला तयारच असतात. घरी सगळ्यांना चालेल.

मराठीत या प्रकाराची खाण आहे, आणि आपण ती कमी वापरतो याचं मला वाईट वाटतं. 'मुंबई-पुणे-मुंबई' (२०१०) मध्ये दोन माणसं दिवसभर पुण्यात फिरतात, बास. इतक्या कमी खर्चात इतकं चांगलं काम क्वचित झालंय. त्याचे पुढचे दोन भाग मात्र लग्न आणि बाळ यांच्या गर्दीत अडकलेत. आई-बाबांसोबत बघायला माझी पहिली पसंती 'मुरांबा' (२०१७). वरुण नार्वेकरांचा सिनेमा. तीन वर्षांचं नातं तुटतं आणि पोरगा ते घरी सांगतो. सचिन खेडेकर आणि चिन्मयी सुमीत यांनी रंगवलेले आई-वडील ओरडत नाहीत, उपदेशही करत नाहीत, बसून बोलतात. आणि अडसर? मुलगी पुढे गेलीय आणि मुलगा जागचा हललेला नाही, हे त्याला स्वतःलाच मान्य नाही. फोन करून काय मिटणार? 'आत्मपॅम्फ्लेट' (२०२३) शाळकरी एकतर्फी प्रेमाचा आहे, आशिष बेंडे यांचा, लेखन परेश मोकाशींचं. त्यातली जात हसत हसत येते आणि जिथे लागायची तिथे लागते.

'सैराट' (२०१६) रोमँटिक कॉमेडी नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तरी पहिला भाग तेवढाच परत लावून बघा. आपल्याच करमाळा तालुक्यातली बोली, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची, विहिरीवरची धमाल. हे इतकं हसवतं कारण बघणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असतं की यांच्यामध्ये काय उभं आहे. अडसर जितका खरा, तितकं हसू मोकळं. नागराज मंजुळेंनी तो अडसर शेवटपर्यंत खरा ठेवला, म्हणून तो सिनेमा कॉमेडी राहू शकला नाही. बाकीचे शेवटच्या वीस मिनिटांत तो गुंडाळून टाकतात. 'वेड' (२०२२) लोक गोड प्रेमकथा म्हणून लावतात, पण ती तेलुगू 'मजिली'वरून घेतलेली दारू आणि दुःखाची गोष्ट आहे. 'सैयारा' (२०२५) तर रडायलाच आहे. हसायला म्हणून दोन्ही नकोत.

आता तिकिटाचं. मराठी सिनेमा बघायचा असेल तर पहिल्याच आठवड्यात जा. शुक्रवारी नवे सिनेमे आले की खेळ कमी होतात आणि उरलेला एखादा दुपारी अडनिड्या वेळी जातो. पुढच्या आठवड्याच्या वेळा बहुधा बुधवार-गुरुवारी कळतात, तेव्हाच बघून ठेवा. नोव्हेंबर २०२४ पासून सेन्सॉर बोर्डाच्या यूए प्रमाणपत्रात वयाप्रमाणे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झालेत. पोरं किंवा वडीलधारी सोबत असतील तर १६+ दिसल्यावर आधी कारण शोधा. आणि कॉमेडीला जागा मधल्या रांगांत घ्या, रविवारच्या दुपारच्या खेळाला. घरी एकट्याने बघताना ओठ हलतील एवढाच विनोद भरल्या थिएटरात पोट धरून हसवतो. पुढच्या रविवारी कुठे काही चांगलं लागलेलं नसलं तर घरी 'मुरांबा' लावा, आई-बाबांसकट.