घर बघताना मागचं कुंपणही बघा

सहा वर्षांच्या मुलाला घेऊन परदेशी निघालाय, तर शाळा-दुकानांजवळ लहान फ्लॅट घ्यावा की त्याच पैशात गावाबाहेर अंगणाचं घर, असं विचारलंत. व्हिसा, टॅक्सचं सरकारी साइटवर आहेच, ते सोडतो. माझं उत्तर फ्लॅट. कारण सांगायला लागलो की राग येतो, सांभाळून घ्या.

आम्ही अंगणाचं घर घेतलं. बंद गल्ली, रहदारी नाहीच. मुलीची वर्गमैत्रीण मागच्याच घरात, कुंपणापलीकडे. दोघी खिडकीतून हात करायच्या. पण मधून वाट नाही. रस्त्याने अडीच किलोमीटर, त्यातला निम्मा चौपदरी, फुटपाथशिवाय. सात वर्षांची पोर अपॉइंटमेंट घेऊन खेळायला जायची, तेही गाडीतून.

शाळेच्या बसचं तर विचारूच नका. नकाशावर सरळ रेघ मारून त्यांनी ठरवलं, तुम्ही चालत येण्याच्या अंतरात आहात, बस मिळणार नाही. रस्त्याचे फोटो जोडले, पत्त्याचा पुरावा तीनदा दिला. उत्तर एकच: अंतर नियमात बसतं. एकदा चालून दाखवा म्हणावं! शेवटी बायकोने नोकरीचे तास कमी केले. ते अजून सलतं.

नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते अभ्यासले होते. दिवसाला २,००० गाड्यांच्या रस्त्यावर माणशी त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र, १६,००० गाड्यांच्या रस्त्यावर एकही धड नाही. वाचून मी चक्रावलो. आमच्याकडे गाड्याच नव्हत्या, मग मित्र कुठे गेले? नुसती शांतता पुरत नाही हो. पायी जावं असं काही हवं, दुकान, बसथांबा, निदान एक बाक, आणि गल्ल्या एकमेकींना मिळायला हव्यात. आमचे शेजारी गाडीत बसूनच गॅरेजचं शटर उघडायचे. गाडी आत, शटर खाली. भेट व्हायची ती कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायच्या दिवशी.

म्हणून घर बघायला शाळा सुटायच्या वेळी जा, तेही बसने. थांब्यापासून मुलाचा हात धरून चाला.

एकटेपणाची सवय होते, त्याचं एवढं नाही. पण खरं सांगू? त्या कुंपणाच्या दोन फळ्या काढून फाटक करू या का, एवढं मागच्यांना मी कधी विचारलं नाही. कसं विचारायचं, ओळख कुठे होती! चार वर्षांनी ते घर विकून गेले.